माझ्या हातची सरकी

मागच्या महिन्यात मोर्शीच्या रस्त्याला एक माणूस आपल्या तट्टापुढे सरकीचं टोपलं ठेवताना पाहिला. मी घोडीवरून उडी टाकून ते टोपलं लाथेने उडवलं. माणूस आ वासून बघत राहिला. मग म्हणाला, "बापा, लाड करून राहिलो मी त्याचे. तुले काय झालं?"

मला काय झालं ते लिहितो. त्याला तिथे रस्त्यात नीट सांगता आलं नाही, कारण मी नुसता ओरडत होतो. यात मी कुठेच चांगला दिसत नाही. न दिसलो तर न दिसलो.

ती कापसाची वर्षं होती. दूर अमेरिकेत लढाई जुंपली, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, आणि आमच्या वऱ्हाडातल्या काळ्या मातीला वेड लागलं. माती कसली वेडी होते, माणसं झाली. जिथे घोडेस्वार दिसू नये इतकी उंच ज्वारी उभी राहायची, तिथे जिकडेतिकडे कमरेएवढी पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं. आमचा अमरावतीच्या वेशीबाहेर माळ्याचा मळा. विहीर, वांगी, मेथी, झेंडू. बाने झेंडूचे वाफे मोडले आणि तिथेही पऱ्हाटी लावली. माय म्हणाली, "आता देवाले बोंडं वाहाचे काय?" बा हसला. त्या वर्षी सगळेच हसत होते.

ज्वारी नाही म्हणजे कडबा नाही. ही गोष्ट अख्ख्या मुलखात एकाच्याही डोक्यात आली नाही. आली ती दावणी रिकाम्या झाल्यावर. सरकी मात्र मुबलक. दारोदार बायका कापसातून ती वेगळी करत बसलेल्या, ओसऱ्यांवर तिचे ढीग. लोकांनी भिजवलेली सरकी बैलांना घातली आणि बैल तुकतुकीत झाले. मग कडब्याचं दुःख कोण करतो?

मी सतरा वर्षांचा होतो आणि एका अडत्याचा स्वार होतो. मुंबईचा कापसाचा भाव आधी अकोल्याला कळे. तो चिठ्ठीत घ्यायचा, मूर्तिजापूरला मुक्काम करायचा आणि दुसऱ्या कोणाचा स्वार पोचायच्या आत अमरावतीला शेठजींच्या हातात द्यायचा. एवढंच काम. घोडी शेठजींची, पण त्यांच्या आवारात कापसाच्या गाठींमुळे पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून ती आमच्या मळ्यावर राही. तांबूस अंगाची, काळ्या आयाळीची. ओढा आला की पाणी पिण्याआधी ती खाली मान घालून बराच वेळ पाण्याकडे बघायची, जसं काही कोणी आत पडलं आहे. घाई असली तरी मी तिला बघू देत असे. तेवढ्याने मी स्वतःला तिचा सोबती समजत होतो.

मार्गशीर्षात अकोल्याहून येताना बडनेऱ्याच्या अलीकडे ती रस्त्यात थांबली. टाच मारली, हलेना. उतरून पुढे गेलो तर जबड्याखाली नारळाएवढी सूज, नाकातून पू, आणि श्वास घेताना करवत चालल्यासारखा आवाज. सकाळी मूर्तिजापुरात तिने दाणा खाल्ला नव्हता. मी ते पाहिलं होतं आणि तरी जीन घातलं होतं. लगाम हातात धरून मी तिला पायी मळ्यावर आणलं. चिठ्ठी उशिरा पोचली.

घरी पोचून घटकाभर झाली नाही तोच शेजारचा काका विळा तापवून हजर. आमच्याकडे जनावराला काही झालं की डाग देतात. पोट फुगलं, डाग. पाय लचकला, डाग. काकाच्या हातात लालभडक विळा आणि चेहऱ्यावर एवढी माया की मी त्याला अडवलंही नाही. तो तिच्या सुजलेल्या गळ्याकडे वळला.

"आधी तुह्या गळ्याले लावून पाहू का?" मागून आवाज आला. ते बाजारातले म्हातारे नालबंद होते. नाल ठोकत आणि घोड्यांचं औषधपाणीही करत. सगळे त्यांना चाचा म्हणत. बाने त्यांना बोलावून आणलं होतं.

"चाचा, आमचे बाप-आजे हेच करत आले," काका म्हणाला.

"तुह्या आज्याजवळ घोडं होतं?"

"नाई."

"मंग?"

चाचांनी सुजेवर कडुनिंबाच्या पाल्याचा शेक द्यायला लावला. तिसऱ्या दिवशी ती पिकली तेव्हा पातळ सुरीने फोडली. इतका पू निघाला की मी मागे सरून ओकलो. घोडी मात्र हलली नाही. तिचा श्वास मोकळा झाला आणि तिने आपली हनुवटी, ती चिळकांड्या उडालेली हनुवटी, माझ्या खांद्यावर टेकली. "चाळीस दिवस पाठीवर काई नाई," चाचा म्हणाले. "कोंड्याची पेज आन् हरळी. ओली हरळी, बेटा. दुसरं काई तोंडाले लावू नको."

दुसऱ्या दिवशी शेठजी छकड्यातून आले. नाकाला उपरणं लावून लांबूनच पाहिलं. "होळीपर्यंत थांबतो," ते म्हणाले. "होळीले माही चिठ्ठी घेऊन धावली तं ठीक. नाई तं चुन्याच्या घाणीवाला मागूनच राहिला."

चुन्याची घाणी म्हणजे काय ते अमरावतीत सगळ्यांना ठाऊक. दगडी चाक ओढत गोल गोल फिरायचं. डोळ्यांत चुना, नाकात चुना. तिथे गेलेलं जनावर पावसाळा बघत नाही. आजारातून उठलेली घोडी तिथे आठवडा टिकली नसती.

पुढचे दिवस मी तिच्यापाशीच होतो. तिला गिळता येत नव्हतं, तेव्हा फडकं पेजेत बुडवून तिच्या ओठांच्या कोपऱ्यातून पिळायचो. दुसऱ्या कोणाच्या हातची पेज ती थुंकून द्यायची. मायने करून पाहिलं, बाने करून पाहिलं. माय म्हणाली, "घ्या. माह्या पोटचं मले विचारत नाई अन् हे घोडी त्याच्याशिवाय खात नाई." संक्रांतीच्या सुमाराला ती बांधाबांधाने फिरून हरळी खुडू लागली. एक दिवस माझ्या मुंडाशाचं टोक दातात धरून तिने ओढलं आणि सगळं मुंडासं सोडलं. मी खूप हसलो. मला वाटलं, जिंकलो.

पण बरगड्या दिसतच होत्या. माघ लागला तरी दिसत होत्या. काका कुंपणावरून ओरडायचा, "काय रे, हे घोडी हाय का खाट? याच्यावर बसशीन का निजशीन?" लोक हसायचे. मी रोज होळीचे दिवस मोजत होतो. हरळीवर घोडी जगते, धावत नाही, असं मला वाटायला लागलं. आणि समोर गोठ्यात आमचे दोन बैल भिजवलेली सरकी खाऊन आरशासारखे चमकत होते.

माय म्हणाली, "बैलाले देते ते तिले काहून नाई देत?"

मी चाचांना विचारलं नाही. विचारायला एक फर्लांग जावं लागलं असतं. तेवढंही गेलो नाही, कारण मला पक्कं माहीत होतं. सरकी म्हणजे ताकद, हे वऱ्हाडात तान्ह्या पोरालाही माहीत.

घोडीने सरकी हुंगली आणि तोंड वळवलं. दुसऱ्या दिवशीही वळवलं. मग मी संक्रांतीचा उरलेला गूळ कुस्करून सरकीत कालवला आणि ओंजळीत धरून तिच्या ओठाशी नेला. तिने माझ्याकडे पाहिलं. मग खाल्लं. माझ्या हातचं होतं म्हणून खाल्लं. पहिल्या दिवशी ओंजळभर, मग टोपलंभर. गिळताना मान ताणायची, ते मला दिसत होतं. मी म्हणायचो, "खा, राणी, खा. घाणीला जायचंय का तुला?"

आठव्या सकाळी ती पुढच्या पायाने जमीन खणत होती. मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघायची, बसायची, लोळायची, पुन्हा उठायची. अंगाला घाम आणि कान थंडगार. मी चाचांकडे पळालो. तो एक फर्लांग तेव्हा बरा पळता आला.

चाचांनी तिच्या पोटाला कान लावला. मग कोपरापर्यंत हात तेलाने माखला, तिच्या मागून आत घातला आणि एक कठीण गोळा बाहेर काढला. तो जमिनीवर ठेवून काडीने फोडला. आत सरकी होती. जशीच्या तशी, अंगावर कापसाची लव, एकीला एक चिकटून दगड झालेली.

"कोणं चारली?"

"मी."

"काहून?"

"बैलांना चालते ना, चाचा. बैल तर तिच्यावरच…"

चाचांनी काडी फेकली. "बैल खाते आन् मंग बसून दुपारभर रवंथ करते. खाल्लेलं पुन्हा तोंडात आणून बारीक करते. तू ह्या घोडीले कधी रवंथ करताना पायलं काय?"

दीड वर्ष मी तिच्यासोबत होतो. तिच्या पाठीवर दिवस काढले, तिच्या नाकातला पू हाताने पुसला, ओढ्यात ती किती वेळ बघते ते मला ठाऊक होतं. आणि ती रवंथ करत नाही, हे मी पाहिलं नव्हतं. पाहिलं असेल, पण दिसलं नव्हतं. माझ्या डोक्यात जनावर म्हणजे बैल. एवढं कापसाचं वेड कमी होतं की काय म्हणून हे बैलाचं वेड! काकाच्या हातात विळा होता. माझ्या हातात गूळ होता. फरक काय? विळ्याला तिने मान तरी झटकली असती.

"रडू नंतर," चाचा म्हणाले. "जवसाचं तेल आण. मंग चालव तिले. बसू देऊ नको. बसली का लोळते, लोळली का आतडं पिळते आन् मरते."

तेल पाजलं. आणि मी तिला विहिरीभोवती चालवायला लागलो. एक फेरा, दुसरा, तिसरा. ती गुडघे मोडायला आली की मी खांदा लावून उचलायचो. दुसऱ्या बाजूने बा. त्याने काम सोडलं होतं आणि माझ्याकडे बघतही नव्हता.

दुपारी शेठजींचा छकडा आला. त्यांनी कुंपणाबाहेरूनच पाहिलं आणि खूश झाले.

"अरे वा! चालून राहिली की! मंग जीन घाल. अकोल्याच्या भावाले आजच नीघ."

मला वाटलं थट्टा आहे. चेहरा पाहिला, थट्टा नव्हती. माणूस छकड्यात बसून एका मरणाऱ्या जनावराकडे बघत होता आणि त्याला चाल दिसत होती.

"शेठजी," चाचा म्हणाले, "ते चालत नाई. आमी चालवून राहिलो."

"चालते ना पण?"

"नाही घालत जीन," मी म्हणालो.

"काय म्हणाला?"

"नाही घालत म्हणालो. तुमचा भाव तुम्ही पायी जाऊन आणा."

बाने डोळे मिटले. शेठजी काही बोलणार तेवढ्यात घोडीचे चारी पाय एकदम गेले आणि ती विहिरीच्या धावेवर, मोटेच्या बैलांच्या वाटेवर, आडवी झाली. मी, बा, चाचा, तिघे तिच्यावर पडलो. शेठजींनी छकडा वळवायला सांगितला. "हे तं चालली," ते म्हणाले. "घाणीवाला बी नाई नेणार. मेली तं तूच ओढून टाक, जगली तं तूच पोस. माह्याकडे तोंड दाखवू नको." असं म्हणून माणूस गेला. त्याच्या तोंडून घोडीची सुटका झाली आणि त्याला ते कळलंही नाही.

आम्ही तिला उठवलं. कसं उठवलं ते मला आठवत नाही. शेवटी काकाही कुंपण ओलांडून आला आणि शेपटीकडून लावला त्याने जोर. पुन्हा फेरे. ऊन उतरायला लागलं तेव्हा ती मध्येच थांबली, शेपटी उचलली आणि काळे, कठीण, लवदार गोळे धबधब पडले. चाचा तिथेच मटकन खाली बसले. म्हणाले, "या अल्ला." काका शेणासाठी टोपलं आणायला धावला. सवयच तशी. मग त्याचं त्यालाच हसू आलं.

घोडी जगली. माझी झाली. होळीला ती बांधावर हरळी खात उभी होती आणि बाजारात लोक रंगले होते. त्या पावसाळ्यात मी बाशी भांडलो आणि अर्ध्या मळ्यात ज्वारी पेरायला लावली. बाने "वेड लागलं याले" म्हटलं आणि पेरली. तेव्हापासून मी दिसेल त्याला सांगत फिरतो, घोड्याला सरकी घालू नका, कडब्यापुरती तरी ज्वारी पेरा; कागदावर लिहून चिकटवतो, आणि लोक म्हणतात, कापसाच्या दिवसांत हा कडब्याचं काय घेऊन बसला.

होळीच्या दुसऱ्या दिवशी मी तळहातावर गुळाचा खडा घेऊन तिच्यापुढे धरला. तिने हुंगलं. माझ्याकडे पाहिलं, जसं ओढ्यातल्या पाण्याकडे बघते तसं, बराच वेळ. आणि मान वळवली. मायने तोच खडा घेऊन धरला, तिने खाल्ला.

मी पुन्हा पुन्हा करून पाहिलं. गूळ, हरळी, कोवळी ज्वारी. जमिनीवर ठेवून चार पावलं मागे सरलो की खाते. चाचा म्हणाले, विसरेल. विसरली नाही. मी जीन घालतो, ती उभी राहते. टाच न मारता चालते. पाठीवर बसू देते. हातचं खात नाही.