मामांच्या तोंडचं पहिलं नाव

या मतदारसंघात आजवर जेवढे आमदार झाले, ते सगळे आधी भोंगेमामांच्या तोंडून झाले. मामांचं लाउडस्पीकर भाड्याने द्यायचं दुकान. मतमोजणीचा निकाल आत मोठे साहेब जाहीर करत, पण चौकातल्या गर्दीला तो कळायचा मामांनी कचेरीच्या पायरीवरून वाचला की मगच. गिरणीमालक लागोपाठ निवडून येत होते तेव्हाही, आणि शाळेतल्या मास्तरांनी त्यांना चारी मुंड्या चीत केलं तेव्हाही.

त्या दिवशी मामांनी मास्तरांचं नाव घेतलं मात्र, असा गलका उठला की पुढचं काही कुणाला ऐकूच गेलं नाही. म्हातारे मालक खाली उभे राहून "माझी किती? माझी किती?" विचारत राहिले. ते मामांच्या फार जिव्हारी लागलं. तेव्हापासून हरलेल्याचं नाव आधी, त्याला टाळ्या, मग जिंकलेल्याचं. मास्तर वारल्यावरची पोटनिवडणूक काय, नंतरची वकीलसाहेबांची सद्दी काय, सगळे निकाल याच रीतीने. मामांच्या तोंडून आपलं नाव पहिलं आलं की उमेदवार मुकाट्याने गाशा गुंडाळायचा.

आणि यंदा वकीलसाहेबांसमोर उभं कोण, तर मामांची सख्खी बायको! नर्सबाई. बंद पडलेलं प्रसूतिगृह उघडा म्हणून अर्ज करकरून कंटाळली आणि शेवटी स्वतःच निवडणुकीला उभी राहिली. मामांना तेव्हापासून एकच घोर. हरली तर तिचं नाव आधी आपल्यालाच घ्यावं लागणार.

"या वेळी दुसऱ्या कुणाला वाचू द्या की," मेहुणा म्हणाला.

"वा रे वा! लोकांचे निकाल मी वाचायचे, आणि घरचा आला की पळ काढायचा?"

आतून चिठ्ठी आली. मामांनी ती वाचली आणि आनंदाने त्यांचं भानच हरपलं. माईक तोंडाशी धरून म्हणाले, "नर्सबाई..."

झालं. पुढे शब्दच फुटेना. वकीलसाहेबांच्या माणसांनी लगेच साहेबांना खांद्यावर घेऊन नाचायला सुरुवात केली. इकडे नर्सबाईच्या मैत्रिणी डोळे पुसायला लागल्या. आपण काय घोळ घातलाय ते मामांना उमगलं, पण जन्मभर चौक दणाणून सोडणारा तो गळा असा दाटून आला होता की हूं नाही की चूं नाही.

नर्सबाई पायऱ्या चढून वर आली. "अहो, रडताय काय असे? हरले तर हरले. उद्या परत अर्ज करू. द्या तो माईक, वकीलसाहेबांचं अभिनंदन तरी करते."

मामांनी जोरजोरात मान हलवली आणि चिठ्ठी तिच्या हातात कोंबली.

तिने ती वाचली, पुन्हा एकदा वाचली. मग नवऱ्याकडे पाहिलं. आपल्यापायी जन्माची रीत विसरलेल्या त्या वेंधळ्या माणसाची तिला फार माया वाटली. तिने माईक घेतला.

"जरा ऐका. आधी वकीलसाहेबांची मतं सांगते."

साहेब खांद्यावरून हळूच खाली उतरले. मतं वाचून झाल्यावर ती म्हणाली, "आता टाळ्या. आमच्या घरची पद्धत आहे."

चौकाने टाळ्या वाजवल्या, अगदी मनापासून. मग ती स्वतःचं नाव घेणार, एवढ्यात मामांनी वाकून आवाज वाढवायची कळ होती तेवढी सगळी फिरवली.