काहिलीतला गूळ आणि हिच्या पायाचं बोट

हिच्या उजव्या पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटाला गेल्या वर्षी जखम झाली. नवी चप्पल लागली, एवढंच. आठ दिवसांत सुकेल म्हणालो, तर महिना झाला तरी ओलीच. सून म्हणाली, "बाबा, आईंचं रक्त तपासून घेऊ." तपासलं, तर साखर निघाली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, बोटाला पट्टी बांधली आणि स्पष्ट सांगितलं, साखर ताब्यात आली नाही तर जखम भरणार नाही, आणि जखम भरली नाही तर बोट काढावं लागेल.

रिक्षातून घरी येताना ते बोट काढायचं वाक्य माझ्या कानात वाजत राहिलं. ही मात्र बाहेर बघत होती आणि मला सांगत होती की मेथी स्वस्त झालेली दिसतेय.

घरात शिरल्यावर मी पहिलं काम हे केलं, साखरेचा डबा उचलला आणि खाली वॉचमनला देऊन आलो. मग पत्र्याच्या पेटीतली गुळाची ढेप काढून ओट्यावर ठेवली.

"आजपासून या घरात साखर नाही. चहा गुळाचा, शिरा गुळाचा. तीन महिन्यांत बोट भरतं का नाही बघ."

ही म्हणाली, "बरं."

आता मी गुळाचं एवढं का धरून बसलो ते सांगितलं पाहिजे. माझी शाळा चौथीपर्यंत. नातीच्या जुन्या वहीत हे लिहितोय, चुका असतील, पण गुळात माझी चूक काढणारा अजून भेटला नव्हता. मराठवाड्यात आमच्या गावाला गुऱ्हाळ होतं. उसाचा रस मोठ्या काहिलीत कढवायचा, त्याचा गूळ करायचा. मिसरूड फुटायच्या आधीपासून मी तिथं काहिलीखालच्या चुलवणात उसाची वाळलेली चिपाडं टाकायचो. आमच्या वस्तीतल्या माणसांना जाळाचंच काम. वर काहिलीपाशी जायचं नाही.

पण तिथला म्हातारा गुळव्या, म्हणजे ज्याच्या शब्दावर काहील उतरते तो कारागीर, त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. उकळीचा रंग दिसेना. मालकाला सांगावं तर काम जाईल. मग तो मला हळूच वर बोलवायचा आणि विचारायचा, "बुडबुडा केवढा हाय? रंग कसा हाय?" मी सांगायचो. तो वास घ्यायचा आणि मलाही घ्यायला लावायचा. भेंडीच्या खोडाचं चिकट पाणी टाकून मळी वर काढली की रसाचा हिरवा वास जातो, आणि पाक जवळ आला की नाकाच्या शेंड्याला भाजल्यासारखा एक वास येतो. तेव्हा थोडा पाक गार पाण्यात टाकायचा, त्याची गोळी वळायची आणि काठावर आपटायची. टण्ण वाजली की उतरवा. दोन हंगामांत मला गोळी वळायच्या आधी नुसत्या वासानं कळायला लागलं. म्हातारा गेल्यावर मालकाला दुसरा कोणी मिळेना, म्हणून मी गुळव्या झालो.

ज्या घरांच्या पायरीखाली मला उभं राहावं लागायचं, त्या घरांत माझ्या हातचा गूळ देवापुढं ठेवायचे. मी कधी बोलून दाखवलं नाही. पण गावातून चालताना मान ताठ असायची. ती अजून ताठ आहे. सून म्हणते तो मणक्याचा त्रास आहे.

पुढं गुऱ्हाळ बंद पडलं. आम्ही भाईंदरला आलो, पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशला लागलो, तिथूनच रिटायर झालो. गूळ मात्र गावाकडचाच, शेजारच्या गावच्या गुऱ्हाळातला. पुतण्या ट्रक चालवतो. हंगाम संपला की काशीमीऱ्याला हॉटेलासमोर गाडी लावून फोन करतो आणि मी रिक्षानं जाऊन ढेप मांडीवर घेऊन येतो.

तर मी हिला गूळ चालू केला. सकाळचा चहा रिटायर झाल्यापासून मीच करतो. गुळाचा चहा कोणालाही जमत नाही. उकळत्या दुधात गूळ टाकला की चहा फाटतो. आधी पाणी, पत्ती, आलं आणि गूळ उकळून घ्यायचं, गॅस बंद करायचा, मग गरम दूध वरून ओतायचं. दिवसाला चार चहा. जेवणानंतर गूळ-शेंगदाणे. भाकरीला पातळ काकवी. ही सगळं गपचूप खायची, वाटी पुसून खायची. मी रोज पट्टी बदलायचो. जखम काही हटत नव्हती, आणि मला वाटायचं गूळ कमी पडतोय.

केबिन रोडवर आमचा जुना किराणावाला आहे, गुजराती. त्याच्याकडं एक मांडणीच या मालाची. भुरी साखर, खांडसरी, नारळाची साखर, मध, खजुराचं सरबत. मला म्हणाला, "काका, आंटी के लिए शुगर-फ्री ले जाओ."

मी म्हटलं, "हमारे घर में गूळ है. असली."

"गुड़ भी तो मीठा ही है ना, काका."

"तुम तोलने का काम करो," मी म्हटलं. तो हसला आणि तोलत बसला.

तीन महिन्यांनी परत रक्त तपासलं. डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला, मग हिच्याकडं बघितलं. साखर कमी व्हायची ती वाढली होती.

"आजी, गोड काय काय खाता?"

"काही नाही," मी म्हणालो. "साखरेचा दाणा घरात नाही. नुसता गूळ."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "किती गूळ, आजोबा?"

मी सगळं सांगितलं, अभिमानानं सांगितलं. काकवीसुद्धा. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "गुळात थोडं लोह असतं, थोडे क्षार असतात, खरं आहे. पण बाकी सगळी साखरच. मध घ्या, खडीसाखर घ्या, काकवी घ्या, रक्तात गेल्यावर शरीर त्यांची गावं विचारत नाही. अख्खा पेरू थोडा खाल्ला तर चालेल, त्यात चोथा असतो, साखर हळू चढते. रस काढून प्यायलात की लगेच चढली." मग हिला विचारलं, "आजी, पहिल्या दिवशी सिस्टरनं चित्रांचा कागद दिला होता ना?"

"हरवला," ही म्हणाली, जमिनीकडं बघत.

मी म्हटलं, "बाई, तुम्ही कधी काहील बघितलीय का?"

"नाही."

"मग राहू द्या."

डॉक्टरीणबाई चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "मी काहील बघितली नाही, आजोबा, पण अशी बोटं रोज बघते. अजून महिनाभर थांबू. नाही उतरली तर मोठ्या हॉस्पिटलला पाठवावं लागेल."

घरी सुनेनं बोटाला टोचून साखर बघायचं मशीन आणून ठेवलेलं होतं. मी ठरवलं, आता याचा निकालच लावू. हिच्यावर नाही, माझ्यावर. मला साखर नाही, तपासलेलं आहे. किराणावाल्याकडून साखरेची एक पुडी आणि माझ्या ढेपेतल्या गुळाची एक पुडी, काट्यावर अगदी सारख्या वजनाच्या करून घेतल्या. तो म्हणाला, "काका, ये क्या पूजा है?" मी म्हटलं, "कोर्ट केस है."

पहिल्या सकाळी उपाशीपोटी साखरेचं पाणी प्यायलो. तासाभरानं सुनेनं बोटाला टोचलं आणि आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिला. दुसऱ्या सकाळी गुळाचं पाणी. तीच वेळ, तेच बोट. पाणी पिताना तो वास आला, आणि मला खात्री होती.

सुनेनं दुसरा आकडा पहिल्याच्या खाली लिहिला. दोन-चाराचा फरक, आणि तोही गुळाच्या बाजूचा नाही.

"परत टोच," मी म्हणालो.

"बाबा, तुमचं रक्त आहे. मी काय त्यात साखर घातली?"

परत टोचलं. तेच. मी मशीन उलटं करून बघितलं, सेल बघितला. सून ऑफिसला निघून गेली. मी कॅलेंडरपुढं खुर्ची टाकून बसलो. मळी नव्हती त्यात, रंग उजळायची पावडर नव्हती, मी नाकानं निवडलेला गूळ होता. माझा जीव त्या दोन आकड्यांत फरक शोधत होता.

हिनं गादीच्या कोपऱ्याखाली हात घातला आणि चार घड्या केलेला एक कागद माझ्या मांडीवर ठेवला. सिस्टरनं दिलेला. वाचता न येणाऱ्यांसाठी चित्रं होती. जिलबी, शीतपेयाची बाटली, बिस्किटं, मधाची बरणी, आणि मधोमध गुळाची ढेप. सगळ्यांवर लाल फुली.

"हरवला म्हणालीस ना?"

"म्हणाले."

"म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"चित्र तर हाय. ढेप काय मला ओळखू येत नाही?"

"मग खात का होतीस गं? बोट जाईल म्हणाल्या होत्या त्या."

ही पदर सारखा करत म्हणाली, "अहो, लग्न झाल्यापासून ऐकतेय, गुळानं कुणाचं वाईट होत नाही. तुम्ही सकाळी उठून एवढ्या कौतुकानं चहा करता. मी कुठल्या तोंडानं म्हणू, तुमचा गूळ नको म्हणून? म्हटलं, एक बोटच तर हाय. नऊ राहतील."

कारखान्यात मशीनवर माझ्या दोन नखांचं वाटोळं झालं तेव्हा ही रात्रंदिवस रडली होती, आणि स्वतःच्या बोटाचा हिशेब असा करून बसली होती. मी रागावलोसुद्धा. म्हटलं, "तू बाई अगदी अडाणी आहेस."

"तुम्ही चौथी शिकलाय," ती म्हणाली.

तो कागद मी फ्रीजवर चिकटवला. त्या दिवसापासून चहा बिनगोडाचा. नुसतं पाणी, आलं, पत्ती, दूध. पहिले दिवस दोघंही औषध प्यायल्यासारखं तोंड करून प्यायचो. मी साखर न झालेला माणूस, मला सून म्हणाली, "बाबा, तुम्ही घ्या की थोडा गूळ." मी नाही घेतला. हिच्यासमोर बसून गोड चहा प्यायला मी काय पाहुणा आहे?

महिन्यानं साखर उतरली होती. पुरती नाही, पण मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी लिहावी लागली नाही. गोळ्या, पट्टी, रोज संध्याकाळी बिल्डिंगखाली चालणं, सगळं चालू ठेवलं. पुढच्या दोन महिन्यांत बोट कडेनं भरत आलं. आता तिथं नुसता गुलाबी डाग आहे. दहाच्या दहा आहेत, मी रोज बघतो.

यंदा पुतण्यानं काशीमीऱ्याहून फोन केला. मी गेलो, ढेप घेतली. नको कशी म्हणणार. घरी आणून फोडली आणि मजल्यावरच्या सगळ्या घरांत एकेक खडा दिला. पूर्वी देताना सांगायचो, औषध आहे, भरपूर खा. आता सांगतो, चव बघा, गोडच आहे, बेताने खा. समोरची बाई म्हणाली, "अंकल, तबियत ठीक है ना?"

एक खडा मात्र ठेवलाय, चटणीच्या जुन्या स्टीलच्या डबीत. सकाळी चहा गाळला की मी डबी उघडून हिच्यापुढं धरतो. ती डोळे मिटून वास घेते, मग मी घेतो, झाकण लावतो, आणि आम्ही बिनगोडाचा चहा पितो. हे चालतं का, ते मी मागच्या खेपेला डॉक्टरीणबाईंना रीतसर विचारून घेतलं.

"वासाला काही हरकत नाही, आजोबा," त्या म्हणाल्या. "पण झाकण घट्ट लावा, मुंग्या लागतील."

मुंग्या लागल्याच. मी झटकतो आणि झाकण परत लावतो.