सरांना सांगायचं कुणी

पायाला भिंगरी लागलेली माणसं पुष्कळ असतात, पण ही बाई बसल्या जागी फिरायची. लहानपणी थोरल्या भावाने तिचं नाव भिंगरी ठेवलं आणि साठी उलटली तरी ते काही सुटलं नाही. वीस वर्षं तिने शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, तेही वर्गभर येरझारा घालत. मागच्या बाकावरच्यांना झोप काढायची सोय म्हणून नव्हती. आणि चाळिशी ओलांडल्यावर या बाईने असं काम पत्करलं, की ज्यात पन्नास मिनिटं खुर्चीतून हलायचं नाही, घड्याळाकडे बघायचं नाही आणि समोरच्याने हात जोडून विचारलं तरी सल्ला द्यायचा नाही. महिनाभरात पळून येईल, असं घरच्यांचं भाकीत होतं. ती बावीस वर्षं टिकली. कशी, तर बुटातल्या बुटात पायाची बोटं आवळून आणि सोडून. हे गुपित एकट्या नवऱ्याला ठाऊक होतं, कारण भोकं पडलेले मोजे रफू करायचं काम त्याच्याकडे होतं.

मानवतावादी समुपदेशन म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर ती दोन वाक्यांत उरकायची. माणसाचं दुखणं माणसाला आतून माहीत असतं. कुणी मन लावून ऐकलं की ते त्याचं त्यालाच दिसू लागतं. तेव्हा ऐकायचं आणि आपलं शहाणपण खिशात ठेवायचं. आलेल्याला रुग्ण म्हणायचं नाही, गिऱ्हाईक तर नाहीच नाही. आलेला माणूस म्हणायचं. हे सगळं तिला शिकवलं सरांनी. शहरातल्या अशा समुपदेशकांचा संघ सरांनीच उभा केला, नियमावली त्यांनीच लिहिली आणि पहिली चौदा वर्षं अध्यक्षही तेच होते. आता संघाचे दीडशेवर सभासद झाले होते आणि गेल्या वर्षी अध्यक्षपदाची माळ भिंगरीच्या गळ्यात पडली होती. पडली म्हणजे काय, तर नाव सुचवायची वेळ आली तेव्हा बाकी सगळे माना खाली घालून बसले होते आणि ही नेमकी खिडकी उघडायला उभी राहिली.

तक्रारीचं पत्र आलं ते एका सोमवारी. लिहिणारी बाई गाडी चालवायला शिकवायची, आणि पत्रही तसंच सरळ होतं. वर्षभर ती दर मंगळवारी सरांकडे जात होती. मागच्या मंगळवारी सरांनी तिला विचारलं, की तुमच्या भावाने तुम्हाला न सांगता घर सोडलं त्या रात्रीबद्दल आणखी काही बोलायचंय का. तिला भाऊच नव्हता. पण ज्या बाईचा भाऊ असा गेला ती तिच्याच गल्लीत राहत होती, तीही सरांकडे जायची, आणि हिने विचारल्यावर तिने कबूल केलं, की ही गोष्ट तिने सरांखेरीज कुणालाही सांगितलेली नाही. पत्राचा शेवट असा होता: 'माझा सरांवर राग नाही. पण शेजारणीचं माझ्या कानावर आलं, तर माझं कुणाच्या कानावर गेलं, एवढं मला कळलं पाहिजे.'

भिंगरीने पत्र तीनदा वाचलं, तिन्ही वेळा उभ्याने.

संघाचे पदाधिकारी तीन. ती, चिटणीस आणि खजिनदार बाई. त्यांची बैठक भरायची एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या खोलीत. बैठकीच्या सुरुवातीला दोन मिनिटं शांत बसायची पद्धत होती, आणि त्या शांततेत खालून दात कोरायच्या यंत्राची घरघर ऐकू यायची. मग प्रत्येकाने आपल्याला आत्ता काय वाटतंय ते सांगायचं. चिटणिसाने सांगितलं की त्याला छातीवर ओझं जाणवतंय. खजिनदार बाईंना सरांबद्दल कृतज्ञता आणि भीती अशी दोन्ही जाणवत होती, आणि त्या दोहोंच्या मध्ये आपण उभ्या आहोत असंही जाणवत होतं. यात चाळीस मिनिटं गेली. नियम तर स्वच्छ होता. गुपित फुटल्याची तक्रार आली की चौकशी होईपर्यंत त्या सभासदाने कुणालाही समुपदेशनाला बसवायचं नाही. नियम सरांच्याच हस्ताक्षरातला. घोडं अडलं होतं ते सरांना सांगायचं कुणी, इथे.

"मॅडम, तुम्हाला या प्रसंगात स्वतःकडून काय अपेक्षित वाटतं?" चिटणिसाने अगदी मायेने विचारलं.

"मीच जावं असं तुम्हा दोघांना वाटतंय, हे अपेक्षित वाटतं," ती म्हणाली आणि पर्स उचलून जिना उतरली.

गुरुवारी दुपारी ती सरांकडे गेली. काम थांबवा असं सरांना कळवणारं संघाचं पत्र तिच्या पर्समध्ये होतं. सरांची खोली तिला पाठ होती: दोन खुर्च्या, एक खिडकी, भिंतीवर काहीही नाही. दुसऱ्या खुर्चीत बसायचं म्हणजे आलेल्या माणसाच्या जागी बसायचं, दुसरी सोयच नव्हती. ती बसली. सर अठ्ठ्याहत्तर वर्षांचे झाले होते, पण त्यांचं ते थोडं पुढे झुकून बसणं आणि घाई नसलेले डोळे, सगळं तसंच होतं. "बोल," एवढंच म्हणाले आणि थांबले.

आता त्या माणसाचं थांबणं म्हणजे काय चीज होती, हे अनुभवल्याशिवाय कळायचं नाही. दगडालाही वाटावं की आपलंही काहीतरी सांगण्यासारखं आहे. भिंगरी सुरुवात करायला गेली संघापासून आणि बोलू लागली मुलीबद्दल. मुलगी दोन वर्षं तिच्याशी धड बोलत नव्हती. कारण विचारलं तर म्हणाली होती, "आई, मी काही सांगितलं की तुझा तो कामावरचा आवाज लागतो. मला ऐकून घेणारी नकोय गं, भांडणारी आई हवीय." हे भिंगरीने नवऱ्यालाही पुरतं सांगितलं नव्हतं. सरांना सांगितलं. रडली, नाक पुसलं, पुन्हा रडली. पायाची बोटं एकदाही आवळावी लागली नाहीत. दीड तासाने ती हलकी होऊन रस्त्यावर आली आणि कोपऱ्यावर तिच्या लक्षात आलं, की पत्र पर्समध्येच आहे.

"दिलंस?" नवऱ्याने दार उघडत विचारलं.

"नाही."

"मग दीड तास काय केलंस?"

"बोलले."

"कोण? तू की ते?"

तिने पर्स खुंटीला अडकवली. तो नकाशे काढणारा माणूस, निवृत्त झाला तरी रेघ सरळच मारायचा. म्हणाला, पुढच्या वेळी बसूच नकोस, बसलीस की संपलीस.

शुक्रवार, शनिवार, रविवार ती घरात फिरत राहिली. कपाटं आवरली, आवरलेली पुन्हा आवरली. सरांकडे आठवडाभर माणसं यायची, आणि संघाला माहीत असूनही ती येतच राहणार होती. प्रत्येक दिवस आपल्या खात्यावर, हे तिला कळत होतं. कळून काय उपयोग, धीर व्हायला हवा ना. सर तिच्या वडिलांच्या जागी होते. वडील गेले तेव्हा याच माणसाने तिला आठवडे न् आठवडे ऐकलं होतं, एकदाही 'सावर स्वतःला' न म्हणता. अशा माणसाच्या तोंडावर दार लावायचं कसं?

सोमवारी ती पुन्हा गेली आणि नवऱ्याचं ऐकून उभीच राहिली. सरही उठून उभे राहिले. "उभ्याने बोलायचंय तर उभ्याने बोलू," म्हणाले, आणि त्यांचे गुडघे थरथरू लागले. काय करणार? त्यांना बसवण्यासाठी ती बसली.

सर पुढे झुकले. "मुलाचं काय झालं? परत आला का घरी?"

भिंगरीला मुलगा नव्हता. एकच मुलगी. सर अगदी हळुवारपणे बोलत होते: तो दारू सोडवायच्या ठिकाणाहून पळाला, ही शरम तू फार दिवस एकटीने वाहते आहेस. जिने हे सांगितलं होतं ती कुठलीतरी दुसरीच बाई होती. शब्दाशब्दात माया होती आणि ती सगळी चुकीच्या पत्त्यावर उतरत होती. भिंगरीने कान झाकून घ्यायला हवे होते. पण बावीस वर्षांची सवय वाईट. ती मान हलवत ऐकत राहिली. मग एकदम ताडकन उठली आणि पाणी पिऊन येते म्हणून बाहेर आली.

स्वयंपाकघरात काकू, म्हणजे सरांची बायको, टेबलाशी बसून कागदाचे चिटोरे लिहीत होत्या. प्रत्येकावर एक वार, एक वेळ आणि दोन-तीन शब्द. भिंगरी वरचा चिटोरा वाचायला वाकली.

"बघू नकोस," काकू म्हणाल्या. "माणूस यायच्या आधी मी त्यांच्या हातात देते. माणूस गेला की ते मला सांगतात, मी लिहिते. वर्ष झालं."

म्हणजे आलेल्यांची गुपितं वर्षभर या टेबलावर, मिठाच्या डबीला टेकून ठेवली जात होती. भिंगरीने रागवायचं ठरवलं, पण काकूच आधी बरसल्या.

"तू काय सांगायला आली आहेस ते न कळण्याइतकी मी दूधखुळी नाही. सांग जा. पण मग ते दिवसभर करतील काय, तेही सांग. माझ्याशी बोलतील? अगं, जगाचं ऐकून घेणारा माणूस तो, पण पन्नास वर्षांत माझं एक वाक्य पुरतं ऐकलेलं नाही. घरी आला की कान संपलेले असायचे. आता या चिटोऱ्यांच्या निमित्ताने रोज तासभर माझ्यासमोर बसतात. तेही तू काढून घे."

हे ऐकून घ्यायला भिंगरीला सवड नव्हती. तिच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता: त्या कुण्या बाईचा मुलगा माझ्याकडे आला, तर माझी मुलगी कुणाकडे गेली? गुरुवारपासून चार दिवसांत या खोलीत किती माणसं बसली असतील? गाडी शिकवणाऱ्या बाईने चार ओळींत जे विचारलं होतं, ते तिला आत्ता कुठे हाडापर्यंत कळलं. पत्र तीनदा वाचून कळलं नव्हतं.

ती खोलीत परत गेली आणि आपली खुर्ची बाजूला सरकवून सरांसमोर उभी राहिली.

"सर, तुम्ही आता थांबायचं. आजपासून. आज कुणी येणार असेल तर मी दारातून परत पाठवणार आहे."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. "मी दुखावेन अशी तुला भीती वाटतेय."

"वाटतेय. ते राहू द्या. तुम्ही एकाचं दुसऱ्याला सांगताय. मला मुलगा नाही, सर. ते दुसऱ्या कुणाचं होतं."

"कुणाचं?"

"मला माहीत नाही. मला माहीत असताही कामा नये."

ते बराच वेळ हाताच्या बोटांकडे बघत राहिले. भिंगरीला ती शांतता सोसवेना, पण तिने मध्ये काही घातलं नाही. हे मात्र त्यांनीच तिला शिकवलं होतं. शेवटी त्यांनी विचारलं, "हे तू मला आधी सांगितलं होतंस का?"

"नाही. आत्ता पहिल्यांदाच."

"मग पुन्हा सांगावं लागेल," सर म्हणाले. "मी विसरेन. आणि दारात माणूस उभा राहिला की त्याला बसवेन. मला दुसरं काही येत नाही."

तसंच झालं. दुसऱ्या दिवशी ती गेली तेव्हा ते सदरा बदलून, केस विंचरून मंगळवारच्या माणसांची वाट बघत होते. तिने पहिल्यापासून सांगितलं. ते पहिल्यापासून दुखावले. बुधवारी वाद घातला, गुरुवारी नियम कुणी केला म्हणून विचारलं, आणि तुम्हीच, म्हटल्यावर खुर्चीत जाऊन बसले. प्रत्येक वेळी, न चुकता, तिला कशाची भीती वाटतेय ते मात्र ओळखत. सहा माणसांना अजून सांगायचं राहिलं होतं. काकूंच्या चिटोऱ्यांवर फोन नव्हते, फक्त वार आणि वेळ होती, त्यामुळे प्रत्येकाला दारातच गाठावं लागणार होतं. काकूंनी चिटोरे फाडून टाकले. काही दिवस भिंगरीशी त्या बोलल्या नाहीत आणि मग तिच्यासाठी दाराबाहेर एक खुर्ची ठेवू लागल्या. गाडी शिकवणाऱ्या बाईला भिंगरीने स्वतः पत्र लिहिलं. चिटणिसाने मसुद्यात घातलेलं 'आम्हाला आपल्या वेदनेची जाणीव आहे' हे वाक्य तिने खोडलं. सर थांबले आहेत, चूक झाली आहे, तुमचं कुठे गेलं हे आम्हाला कळलेलं नाही, एवढंच ठेवलं.

सहावा माणूस आला तिसऱ्या आठवड्यात. पन्नाशीचा, हातात ओली छत्री. भिंगरी त्याला सांगतच होती, तेवढ्यात आवाज ऐकून सर बाहेर आले. त्यांचा चेहरा उजळला, हात पुढे झाला, "या, या, बसा" हे शब्द ओठावर आले. मग त्यांची नजर भिंगरीवर गेली आणि हात तिथेच अडकला.

"मी थांबलोय," त्या माणसाला ते म्हणाले. आणि तिच्याकडे वळून विचारलं, "हो ना?"

"हो, सर."

त्यांनी मान हलवली आणि आत गेले. तो माणूस छत्री या हातातून त्या हातात करत उभा राहिला. तिने त्याला दुसऱ्या तीन समुपदेशकांची नावं लिहिलेला कागद दिला. त्याने घेतला, पण वाचला नाही.

"मी यांना दोन वर्षं सगळं सांगत होतो," तो म्हणाला. "कुणालाच न सांगितलेलं. ते कुठे बाहेर गेलंय का?"

कामावरचा आवाज तिच्या घशापर्यंत आला. तुम्हाला काळजी वाटतेय, असं म्हणता आलं असतं. खोटंही झालं नसतं.

"माहीत नाही," ती म्हणाली. "गेलं असेल. मला सांगता येत नाही."

त्याने तिच्याकडे एकदा नीट पाहिलं, कागदाची घडी केली आणि जिना उतरू लागला. ती कठड्याला धरून उभी राहिली, आणि तो परत काही विचारायला वळतो का, हे खालचं दार लागेपर्यंत बघत राहिली.