सुमनकाकूंनी सोडलेला चहा

आमच्या घरात कॉफी आली ती शेजारच्या सुमनकाकूंनी चहा सोडला म्हणून...

ऐंशी-एक्क्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. बाबांना अंबडच्या एका कारखान्यात फिटरची नोकरी लागली आणि आम्ही नाशिकला, जवळच्याच नव्या कॉलनीत राहायला आलो. आई शिक्षिका, त्यामुळे आठवड्याच्या आत ती सगळ्या कॉलनीची 'बाई' झाली.

शेजारी सुमनकाकू आणि त्यांच्या सासूबाई. पहिल्याच रविवारी सासूबाईंनी आम्हाला चहाला बोलावलं. चहा उकळेपर्यंत आमचं गाव, आडनाव सगळी चौकशी झाली... आम्ही बौद्ध आहोत हे कळलं, आणि चहा आला तो कान तुटलेल्या कपात. पिऊन झाल्यावर सासूबाईंनी मोरीकडे बोट केलं, "तेवढा इसळून ठिवा."

आईने कप विसळला, पालथा घातला आणि आम्ही घरी आलो. मी नऊ वर्षांची होते, पण तो नळाचा आवाज अजून कानात आहे.

सुमनकाकू मात्र आमच्याकडे यायला लागल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. भाऊ लासलगावला, कांद्याच्या मार्केटात कामाला. लग्नातल्या मानपानावरून तो जो रुसला होता, तो चार वर्षं बहिणीच्या दारात आला नव्हता. त्याला दर शनिवारी पत्र... सांगायच्या काकू, लिहायची आई.

आई दर वेळी चहाचं विचारायची. काकू उंबऱ्याच्या आत जेमतेम टेकलेल्या असायच्या. "नको वो बाई, चातुर्मास हाय. चहा सोडलाय मी."

आता भिंतीला भिंत लागून घर! रोज सकाळी त्यांच्या आल्याच्या चहाचा वास आमच्या स्वयंपाकघरात यायचा. मी एकदा काकूंसमोर ते बोलणार होते, तर आईने असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं.

चातुर्मास संपला, तरी चहा सुटलेलाच. मग आई मेन रोडला गेली आणि कॉफीचं पाकीट घेऊन आली. आमच्याकडे तोवर कॉफी म्हणजे फक्त आजारपणात. बाबांनी विचारलं, "कोण आजारी पडलंय?" आई म्हणाली, "चहा सोडलाय, कॉफी कुठं सोडलीय?" माझी आई गोड बोलायची, पण हट्टाला पेटली की पेटली.

तिची कॉफी करायची पद्धत ठरलेली. दूध-साखर उकळली की चमचाभर पूड घालायची, सहाणेवर उगाळलेलं जायफळ चिमूटभर, वर दोन मिनिटं झाकण. मग ओल्या फडक्यातून गाळायची. घरभर असा काही वास सुटायचा की अभ्यासाला बसवायचं नाही.

काकूंचं उत्तर तयार होतं, "कॉफी उष्ण पडते वो मला..."

मग कॉफी आम्हीच प्यायचो. बाबा पहिल्या पाळीहून यायचे आणि म्हणायचे, "ही कॉफी आहे की खीर?" आणि वर अर्धा कप मागून घ्यायचे. बघता बघता शनिवारची कॉफी ही आमच्या घरची सवयच झाली. पण काकूंसाठी चौथा कप आई न चुकता भरायची. तो निवायचा, त्यावर साय धरायची... आणि आईचा चेहरा जरासा उतरायचा. मला काकूंचा फार राग यायचा. आईला नाही आला कधी, निदान तिने दाखवला नाही.

अशातच एका शनिवारी काकू जवळजवळ पळतच आल्या. हातात पत्र होतं, चार वर्षांतलं पहिलं उत्तर! आईने वाचून दाखवलं. भावाने लिहिलं होतं, 'संक्रांतीला येतो, तुला न्यायला. तयार राहा.'

काकू मटकन खालीच बसल्या, उंबऱ्यापासून चांगल्या दूर, आमच्या घराच्या मधोमध. रडल्या, हसल्या, पुन्हा रडल्या. आईला तेच पत्र तीनदा वाचायला लावलं. मग पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "बाई, कॉफी करता का?"

आई उठली. जायफळ किती उगाळलं याचा तिला पत्ताच राहिला नाही.

काकूंनी बशीत ओतून फुर्रकन घोट घेतला. "जायफळ लय झालं," म्हणाल्या, आणि दोघी हसत सुटल्या. सबंध कप प्याल्या, तळाचा थेंबसुद्धा ठेवला नाही.

मग काकू कप-बशी घेऊन उठल्या आणि मोरीत जाऊन विसळू लागल्या. आई म्हणाली, "अहो, राहू द्या की."

काकूंनी मान वर केली नाही. "त्या दिशी तुम्ही आमच्या मोरीत इसळला होता. मी आतून बघत होते बाई... बोलले नाय काही."

आई थांबली. आणि तिने काकूंना कप विसळू दिला.

त्या दोघींची शनिवारची कॉफी पुढे वर्षानुवर्षं चालली. सासूबाईंना कळलं, चार दिवस धुसफूस झाली, पण काकूंनी कॉफी सोडली नाही. आज दोघीही नाहीत. माझ्या घरी हल्ली बटण दाबलं की कॉफी होते. तरी शनिवारी दुपारी मी सहाण काढतेच... आणि माणसाने किती धीराने वाट पाहावी, ते आईकडून शिकले म्हणून मनात हात जोडते.

त्या दिवशी काकू गेल्यावर आईने तो कप पदराने पुसला आणि आमच्या कपांमध्ये ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम शोधायला गेले, तर त्यातला काकूंचा कुठला, ते मला ओळखता आलं नाही.