अकोल्यात एक-एक

अमरावतीत मैदानाच्या गेटासमोर माझं ज्यूसचं दुकान आहे. मोसंबीचा ग्लास दोन घोटांत संपतो, पण रिकामा ग्लास हातात धरून माणसं तासतासभर उभी राहतात. ग्लास मी विसळून ठेवतो, किस्से मात्र दुकानातच राहतात! त्यातही आमची टीम जिंकली तर किस्सा एकच असतो, जिंकलो. हरली तर चार दिवस कोणी फिरकत नाही. पण त्या अकोल्याच्या ड्रॉनं जेवढे किस्से दिले ना, तेवढे एकाही विजयानं दिले नाहीत.

आमची टीम म्हणजे संत्रा इलेव्हन. बाजारातल्या संत्रावाल्यांनी काढलेली, म्हणून नाव संत्रा आणि जर्सीही संत्र्याच्याच रंगाची. पोरं गुणाची, पण अकोल्यात गेली की हरायची. आमच्या आठवणीत तिथून कधी एक पॉइंटही आणला नव्हता. आणि या वेळी हरलो असतो तर लीगमधूनच बाहेर!

*

आम्ही निघालो शकीलभाईंच्या ट्रॅव्हलरमधून. शकीलभाई आमच्या टीमचे सगळ्यात जुने फॅन. गाडीही त्यांची, ड्रायव्हरही तेच. छातीचं ऑपरेशन झालेलं आहे, डॉक्टरांनी मॅच बघायला मनाई केलेली आहे. ते म्हणतात, "मॅच कुठी पायतो मी? मी तं गाडी चालवतो!"

जर्सी सगळ्यांकडे नव्हत्या. मग कोणी नारिंगी गमछा घातला, कोणी बायकोची ओढणी डोक्याला बांधली. मूर्तिजापूरला चहाला थांबलो. हॉटेलवाल्यानं आम्हाला खालून वर न्याहाळलं आणि विचारलं, "प्रचाराले चालले काय?"

"नाई."

"मंग वरात हाय का?"

शकीलभाई चहात बिस्किट बुडवत म्हणाले, "नाई भाऊ. अकोल्याले हरायले चाललो."

हॉटेलवाला आतल्या पोऱ्याला ओरडला, "यायच्या चहाचं काई घेऊ नको रे. दुखाचं काम हाय!"

*

मॅच कशी झाली ते एकदा सांगून टाकतो, म्हणजे पुढचं कळेल.

पहिल्या हाफमध्येच अकोल्यानं गोल केला. दुसरा हाफ सुरू होतो न होतो तोच आमच्या बंटीला रेड कार्ड. दहा पोरं उरली. पुढं नुसती झुंज! आमचा गोलकीपर नितीन इकडून उडी मारतोय, तिकडून उडी मारतोय, गुडघे फुटलेत, कोपरं सोलवटलीत. आणि शेवटी-शेवटी एका कॉर्नरवर गर्दीत काहीतरी झालं आणि चेंडू त्यांच्या जाळीत! एक-एक. शिट्टी वाजली तेव्हा आमची पोरं मैदानातच आडवी झाली. अकोल्याची पोरं येऊन त्यांना हात देऊन उठवत होती.

*

या नितीनची आई सुनीताताई. गांधी चौकाकडे जाताना त्यांचं हारफुलांचं दुकान लागतं. पोराची एकही मॅच चुकवत नाहीत, पण एकही पाहिलेली नाही! मैदानाकडे पाठ करून बसतात. पोराकडे चेंडू आलेला बघवत नाही.

अकोल्यातही तशाच बसल्या. चणे-फुटाण्याची पुडी मांडीवर. थोड्या वेळानं बघतात तर शेजारी निळी शाल घेतलेली एक बाई, तीही मैदानाकडे पाठ करून!

सुनीताताईंनी विचारलं, "तुमी काहून अशा बसल्या?"

"माहा पोरगा खेळून राहिला. मले पाहवत नाई."

"कुठी खेळते?"

"गोलकीपर हाय."

"आगं माय! माहाही गोलकीपरच!"

झालं. दोघींनी पुडी मधे ठेवली. पोराला लहानपणी काय काय लागलं, कोणत्या डॉक्टरनं टाके घातले, सगळं निघालं. हरली की दोघींचीही पोरं ताटावरून उठून जातात, तेही निघालं. मागं मैदानात युद्ध चाललेलं, आणि या दोघी पुढच्या भिंतीकडे बघत फुटाणे खातायत!

आमचा गोल झाला तेव्हा सुनीताताईंना आमच्या ओरडण्यावरून कळलं. त्या टाळी वाजवायला गेल्या आणि मधेच थांबल्या. शेजारणीचा चेहरा उतरला होता. त्यांनी वाजवायला उचललेला हात तिच्या हातावर ठेवला.

शिट्टी झाली. सुनीताताई म्हणाल्या, "आता वो? हे ड्रॉ म्हंजे काय समजाचं?"

निळ्या शालीनं जरा विचार केला. म्हणाली, "कोनीच हरलं नाई ना? मंग आज दोघंही जेवतीन!"

*

गोल झाला त्या वेळेचाच दुसरा किस्सा. हा माझ्याच अंगावर आला!

मी अकोल्यात, पण दुकान उघडं होतं. काउंटरवर माझी बायको मंदा. बाजारातली जी मंडळी येऊ शकली नाहीत ती सगळी दुकानात जमलेली, आणि दुसऱ्या हाफपासून मी फोनवरून कॉमेंट्री करत होतो. तिकडं मंदानं फोन स्पीकरवर टाकून साखरेच्या डब्यावर ठेवलेला. मिक्सर बंद.

कॉर्नर आला. मी ओरडत होतो, आणि चेंडू जाळीत गेला तसा शेजारी उभ्या शकीलभाईंना मिठी मारून किंचाळलो, "गेला! गेला! शकीलभाई... गेला...!"

आणि फोनची बॅटरी संपली.

तिकडं दुकानात सगळे हबकले! छातीचं ऑपरेशन सगळ्यांनाच ठाऊक. मंदानं शकीलभाईंच्या नंबरवर फोन लावला. पण फोन ते गाडीतच ठेवून आले होते. रिंग वाजतेय, उचलत कोणीच नाही. मग तर खात्रीच पटली! एका म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढली. भाभींना कोणी आणि कसं सांगायचं यावर बाहेर हळू आवाजात चर्चा. मंदा पदर तोंडाला लावून बसली होती.

उन्हं उतरताना आमची गाडी दुकानासमोर थांबली. ड्रायव्हरच्या दारातून शकीलभाई उतरले. तशी सगळी गर्दी त्यांच्यावर तुटून पडली! कोणी मिठी मारतंय, कोणी गालावरून हात फिरवतंय, टोपीवाले आजोबा तर त्यांना धरून हमसून हमसून रडले.

शकीलभाई कसेबसे बाहेर आले, शर्ट सारखा केला आणि म्हणाले, "अरे बाप्पा, एका ड्रॉचं एवढं? जिंकून आलो असतो तं मारूनच टाकलं असतं तुमी मले!"

मंदा मला एवढंच म्हणाली, "गेला म्हंजे चेंडू गेला का मानूस गेला, नीट सांगत जा!"

*

दोनेक दिवसांनी पुण्याहून आलेले कोणाचे तरी पाहुणे दुकानात उभे होते. शकीलभाई तिसऱ्यांदा सगळी मॅच हातवारे करून सांगत होते.

पाहुण्यांनी विचारलं, "म्हणजे तुम्ही जिंकलात?"

"नाई."

"हरलात?"

"नाई!"

"मग एवढा आनंद कसला?"

शकीलभाईंनी त्यांच्याकडे मायेनं पाहिलं. "भाऊ, तुमी कधी अकोल्यात हरले हा काय?"

"नाही."

"मंग राहू द्या. ज्यूस प्या."

*

तो गोल मारला राजूनं. मारला म्हणजे पेपरात तसं आलं. राजू आमचा डिफेंडर, भातकुलीचा. घरची काळी जमीन आहे, सकाळी शेतात आणि दुपारी प्रॅक्टिसला.

दुकानात सगळ्यांनी त्याला घेरलं. "राजू, कसा मारला बे तो गोल?"

राजू लाजून पार ग्लासात शिरला. "मी नाई मारला, भाऊ. मले लागला."

खरंच तसं झालं होतं! कॉर्नर आला तेव्हा हा वळून दुसऱ्याला अडवायला बघत होता. चेंडू याच्या पाठीवर दाणकन आदळला आणि गोलकीपरच्या बाजूनं आत!

त्या दिवशी तो घरी पोचला तेव्हा त्याचे बाबा अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. पोरगा कुठंतरी खेळायला जातो आणि मळून येतो, एवढंच.

राजू म्हणाला, "बाबा, अकोल्यात आपला गोल झाला."

"बरं झालं."

"माह्यामुळं झाला. बॉल माह्या पाठीले लागला अन् आत गेला. सगळे नाचले, बाबा. मले खांद्यावर घेतलं!"

बाबांनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. उठले. पोराचा शर्ट मागून वर केला आणि म्हणाले, "लय लागलं काय रे?"

आणि आत जाऊन हळद-तेल गरम करायला ठेवलं.

*

वलगावचे अण्णा आमच्यासोबत गेले, पण परत आले नाहीत. त्यांची मुलगी ज्योती बार्शीटाकळीला दिलेली, त्यामुळे त्यांचा मुक्काम तिच्याकडे. जावई प्रमोदराव अकोल्याच्या टीमचे कट्टर! सासरे-जावई एरवी एकमेकांना फार धरून. पण मॅचच्या दिवशी सासऱ्यांनी फोनवर आधीच सांगितलेलं, "पोरगी देल्ली तुमाले. गोल मागू नका!"

मॅच दोघांनी शेजारी बसून पाहिली. पहिल्या गोलला जावई उठले आणि सासऱ्यांकडे बघून पुन्हा बसले. दुसऱ्या गोलला सासरे उठले ते बसलेच नाहीत! तरी बार्शीटाकळीला पोचेपर्यंत दोघांत समेट झाला होता. एका मोटरसायकलवर, हसत-खिदळत घरी.

अण्णांना ज्योतीचा बेत ठाऊक होता. अमरावती हरली तर बाबा रुसतील, म्हणून त्यांच्यासाठी पुरण शिजवून ठेवलेलं. अकोला हरलं तर नवरा रुसेल, म्हणून त्याच्यासाठी वांगी भाजून ठेवलेली, भरीत करायला. दोघंही रस्ताभर यावरच बोलत आले. एक-एक झालंय म्हणजे पुरणपोळीही आणि भरीतही!

हातपाय धुऊन पाटावर बसले. ज्योतीनं ताटं आणली. ताटात खिचडी.

जावई म्हणाले, "अवं, हे काय? पुरन कुठी गेलं?"

अण्णा म्हणाले, "अन् भरीत?"

ज्योती खिचडीवर तेल सोडत म्हणाली, "रुसलं कोन हाय इथं? कोनीच नाई ना? मंग खा गुमान!"

अण्णा सांगतात, एवढी गोड खिचडी जन्मात खाल्ली नाही.

*

आता दौलतकाकांचं.

दौलतकाका आणि गोदाकाकू बाजारात भाजी विकायचे. काका तरुणपणी स्वतः खेळायचे, लेफ्ट आउट. पुढं साखरेच्या आजारानं नजर गेली. आता उजेड-अंधार तेवढा कळतो. पण मैदान सुटलं नाही. काकू हात धरून आणतात, शेजारी बसतात आणि मॅच सांगतात. काकूंना ना ऑफसाइड कळतो ना फाउल. त्यांची कॉमेंट्री अशी: "आपला झिपऱ्या निंघाला. तो उंच्या आडवा आला. झिपऱ्या काई आयकत नाई. आता देल्ला त्या बुटक्याले. बुटका पडला. उठला, उठला, काई झालं नाई." काका डोळे मिटून ऐकतात आणि मधेच म्हणतात, "उजवीकडं मोकळं हाय का वं?" काकू बघतात. आणि खरंच उजवीकडं मोकळं असतं!

अकोल्यात मी आणि शकीलभाई त्यांच्या मागच्याच ओळीत होतो.

अकोल्यानं गोल केला. सगळं मैदान उसळलं. फटाके, ढोल, शिट्ट्या! काकूंची कॉमेंट्री मात्र मधेच थांबली.

काकांनी विचारलं, "काय झालं वं? कायचा कल्ला हाय हा?"

काकूंनी मैदानाकडे पाहिलं, मग काकांच्या तोंडाकडे पाहिलं. म्हणाल्या, "अजी, गाय शिरली मैदानात."

"गाय?"

"हौ. लोकं हाकलून राहिले तिले."

काकांनी मान वळवून आमच्या दिशेनं केली. काकूही वळून आमच्याकडे बघत होत्या. त्यांचे डोळे भरलेले. शकीलभाई म्हणाले, "हौ काका. काळी हाय. लय मारकुटी दिसते."

"मंग दूर बसा," काका म्हणाले.

त्यानंतर काकूंनी बंटीचं रेड कार्ड सांगितलं, नितीनच्या उड्या सांगितल्या. त्यात काही लपवलं नाही. आणि आमचा गोल झाला तशा त्या ताडकन उभ्या राहिल्या. "अजी, गोल! आपला गोल! आपल्या भातकुलीच्या पोट्ट्याचा!" काकांनी दोन्ही हात वर केले. शिट्टी झाल्यावर म्हणाले, "अकोल्यात जिंकलो वं! पाहाले भेटलं मले!"

परतीच्या वाटेवर गाडीत एकही माणूस 'ड्रॉ' हा शब्द बोलला नाही. मागच्या सीटवरच्या पोरांनासुद्धा शकीलभाईंनी आरशातून डोळे वटारून गप्प केलं. "एक-झीरो!" म्हणत सगळ्यांनी गाणी म्हटली, आणि काका पुढं बसून ताल धरत होते. आधी त्या दोघांना घरी सोडलं, मगच गाडी दुकानाकडे वळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं दुकानात आले. काकूंच्या हातात जिलबीचा पुडा. काकांनी स्वतःच्या हातानं चाचपत सगळ्यांना वाटली. "घ्या, अकोल्यात जिंकलो आपन!" सगळ्यांनी घेतली. सगळे "हौ काका, हौ" म्हणाले. काकू कडेला उभ्या राहून नुसत्या बघत होत्या.

मग काकू चिकट हात धुवायला नळावर गेल्या.

काकांनी काउंटरवरून चाचपत माझं मनगट धरलं, जवळ ओढलं, आणि कानाशी येऊन म्हणाले, "बाबू, ती यायच्या आत सांग. तो अकोल्याचा गोल... हेडर होता का पायानं मारला?"