प्रभुभोजनाआधीची कडी

रविवारी सकाळपासून शरच्चंद्र साळव्यांचा पाय घरात ठरत नव्हता. बूट पुसून झाले, पुन्हा पुसले. उभी हयात खडकीच्या कारखान्यात फिटर म्हणून काढलेला माणूस; पण ख्रिस्ती मंडळीचे पंच म्हणून त्यांचा दरारा चर्चच्या पाळकसाहेबांहून जास्त.

"आज बायबलातला पाठ कुठला?" त्यांच्या पत्नी मथुराबाईंनी विचारलं.

"होशेय संदेष्टा. अकरावा अध्याय."

"म्हणजे तलवारीचा."

"आज्ञा मोडली की देव काय करतो, ते लोकांना कळायला हवं."

"लोकांना कशाला? शेवटच्या बाकावर आपली लेक तर बसते. तिला घरी बोलावून सांगा. चहा तरी होईल."

शरच्चंद्रांनी बूट पायात घातले. त्यांच्या मुलीनं, विजयमालानं, खराडीच्या, ख्रिस्ती नसलेल्या जयसिंगाशी लग्न केलं होतं, नोंदणी कचेरीत, मंडळीबाहेर. नियमाप्रमाणे तिचं प्रभुभोजन, चर्चमध्ये सगळ्यांनी मिळून घ्यायची येशूच्या आठवणीची भाकर, बंद झालं. पंचांच्या बैठकीत त्या ठरावाला पहिला हात बापाचाच वर गेला. सर्वांसमोर चूक कबूल केली की ही शिस्तीची बंदी उठणार होती. ती कबूलही करीना आणि यायचीही थांबेना. भाकर मोडण्याआधीचं गीत सुरू झालं की शिस्तीखालची माणसं उठून बाहेर जात, मग पंचानं दाराला आतून कडी घालायची. आपल्याच लेकीमागं कडी घालताना शरच्चंद्र मान वर करत नसत.

त्या रविवारी चर्चमध्ये ते पाठ वाचायला उभे राहिले. तरुणपणी एका उपदेशकानं हा अध्याय गर्जून सांगितला होता. त्यातली शहरांवर फिरणारी तलवार तेवढी मनात राहिली होती. वाचू लागले तर आधी भलतंच आलं. देव लेकराला हाताला धरून चालवतोय, उचलून घेतोय, वाकून भरवतोय. शरच्चंद्रांना चाळीतलं अंगण दिसलं, आणि तेलानं काळं झालेलं स्वतःचं बोट घट्ट धरून डुलत येणारी पोर. तलवार आली, पण दोन ओळींत सरली. पुढं देव स्वतःशीच झगडत होता: या लेकराला सोडू कसा? माझं काळीजच उलटतंय. रागानं जाळायला मी काय माणूस आहे?

माणूस. पुस्तक मिटताना तो शब्द खिळ्यासारखा टोचला.

गीत सुरू झालं. विजयमाला मुलाला कडेवर घेऊन उठली. शरच्चंद्र लगबगीनं दाराशी पोचले आणि ती बाहेर पडण्याआधीच त्यांनी कडी घातली.

"बाबा, मला जायचंय."

"कडी लागली."

"मग काढा."

"गंजलीय. निघत नाही," जन्मभर गंजलेले नटबोल्ट सोडवलेले शरच्चंद्र म्हणाले. "बस खाली."

ती बघत राहिली. मग बसली.

गीत संपलं. भाकर हातात धरून पाळकसाहेब थांबले होते. माना मागं वळत होत्या. पुढच्या बैठकीत शिस्तीसाठी आपलंच नाव निघणार, हे शरच्चंद्रांना ठाऊक होतं. नातवानं त्यांच्या कोटाचं टोक पकडलं. त्यांनी ते सोडवलं नाही. एक हात कडीवर तसाच ठेवून ते उभे राहिले.