तेलाला पुठ्ठा दाखवणारे मामा

पुठ्ठेमामा बिघडलेल्या ट्रॅक्टरजवळ आले की आधी दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहत. दिग्रसचे एवढे नावाजलेले मिस्त्री, पण यंत्राला हात लावायची घाई नाही. पिशवीतून पान्यांच्या आधी मिठाईच्या डब्याचा पुठ्ठा निघे. उजव्या हाताची दोन बोटं अर्धीच होती. "तेलाले हात नाही दाखवायचा, पुठ्ठा दाखवायचा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

तेव्हाची मी पंचेचाळिशीची, अतिशहाणी. आमचे हे जाऊन वर्ष झालेलं. मोठे दीर, म्हणजे आमच्याकडचे भासरे, चारचौघांत म्हणाले, "हरभरा पेरून दाखव. नाही साधलं तं वावर मी वाहतो." मीही सगळ्यांदेखत हो म्हणून बसले. ट्रॅक्टर छोटा होता, तोंड तेवढं मोठं होतं.

दसरा झाला आणि ऐन पेरणीत ट्रॅक्टरची लिफ्ट बसली. पेरणीयंत्र अर्ध्यावर उचले, मग हळूहळू खाली टेके, आणि बुडाशी तेल ठिबके. मी रोज सकाळी जमिनीत बोट खुपसून ओल बघायची, मग ट्रॅक्टरमध्ये तेल ओतायची. ठिबकत होतं तिथला बोल्ट आवळला, वर साबण चोपडला, त्यावर जुन्या साडीचा काठ गुंडाळला. चौथ्या दिवशी बोट पुरतं आत गेलं तरी कोरडंच लागलं. बांधावर बसून रडले, आणि मग मामांना फोन केला. ही अक्कल चार दिवस आधी आली असती, तर ती माझी कसली?

मामांनी साडीचा काठ पाहिला. "ट्रॅक्टर बाळंत झाला का, बाई? पोट बांधलं त्याचं."

"मामा, वावर जाऊन राह्यलं माझं."

"पावडर आणा तोंडाची."

डिझेलनं सगळं पुसून त्यांनी कोरडं केलं आणि माझी पावडर ट्रॅक्टरवर भुरभुरली. "ठिबकते तिथून निघत नसते. रडते डोया, दुखते पोट." इंजिन चालू करून लिफ्ट उचलली. पंपाच्या रबरी पाइपावरची पावडर एका जागी ओली झाली. माझं बोट लगेच तिकडे गेलं, तोच हातावर पुठ्ठ्याचा फटका बसला. "दाबाचं तेल सुईवानी घुसते अंगात. माये बोटं कायनं गेले मग?" त्यांनी पुठ्ठा पाइपालगत सरकवत नेला. त्यावर तेलाची बारीक रेघ उमटली.

इंजिन बंद करून, यंत्र खाली टेकवून त्यांनी पाइप पुसला. रबरात बारीक तार रुतली होती, आणि तारेत झेंडूचं वाळकं देठ होतं. दोरा तुटतो म्हणून दसऱ्याचा हार मीच तारेत ओवून, टोक त्या पाइपाला गुंडाळून, ट्रॅक्टरला करकचून बांधला होता. फुलं गेली, तार राहिली, आणि थरथरून थरथरून तिनं पाइप कापला. चार दिवस मी ड्रायव्हरला शिव्या घालत होते. आणि आता भासरे बांधावरून येतच होते.

"कोणाची करामत, मिस्त्री?"

तारेवर मामांची मूठ मिटली. "पाइपाचं वय झालतं, पाटील. बाकी काही नाही."

एसटीनं दिग्रसला जाऊन त्याच मापाचा पाइप ते दुपारी घेऊन आले. पाइप बसवला, तेल भरलं, हवा निघेस्तोवर लिफ्ट वरखाली केली आणि यंत्राचे दाते खोल सोडायला लावले. "ओल मेली नाही. खाली लपली." बांधाकडच्या काही ओळी उगवल्याच नाहीत. बाकी हरभरा उगवला, आणि वावर माझ्याकडे राहिलं. निघताना त्यांनी ती तार माझ्या हातावर ठेवली. "येत्या दसऱ्याले दोऱ्यात ओवजा."

पुढे दर दसऱ्याला मामा यायचे, ट्रॅक्टरचा हार जोरात ओढायचे. दोरा तुटला की "बरोबर" म्हणून चहाला बसायचे आणि फुलं मी वेचायची.

भासरे अजून सांगतात, हल्लीचे पाइपच भंगार. मी मान डोलावते. आता त्यांना चष्म्यानंही वाचता येत नाही, म्हणून बिनधास्त लिहिते आहे.

उन्हाळ्यात मामा गेले. यंदा हार बांधला आणि हात पाठीमागे घेऊन बराच वेळ उभी राहिले. ओढायला कोणी येणार नव्हतं. शेवटी मीच ओढला. पटकन तुटला. फुलं वेचायला वाकले, ती लवकर उठलेच नाही.